अफूच्या पेटीवर दोन तगादे

पणजीत जुन्या सचिवालयाच्या, म्हणजे आदिलशहाच्या राजवाड्याच्या, कडेला आबे फारियाचा पुतळा उभा आहे आणि तिथून हाकेच्या अंतरावर म्हामाय कामतांचे जुने घर आहे. बाहेरगावचा पाहुणा आला की मी त्याला पुतळा दाखवतो, तो फोटो काढतो आणि आम्ही पुढे चालू लागतो. त्या घराकडे सहसा कोणी पाहत नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि एकोणिसाव्याच्या आरंभी या घराण्याची दलाली पश्चिम किनाऱ्यापासून मॉरिशसपर्यंत चाले. त्यांच्या कागदपत्रांत तंबाखू आहे, गुलाम आहेत आणि अफूही आहे. हे कागद पुढे पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्राकडे आले आणि अभ्यासकांना खुले झाले. माझे आयुष्य वास्कोतल्या एका क्लिअरिंग एजंटच्या कचेरीत शिपिंग बिले आणि मॅनिफेस्ट लिहिण्यात गेले. त्यामुळे इतिहास वाचतानाही माझी नजर लढायांवर टिकत नाही. माल कुठून सुटला, परवाना कोणी दिला आणि जकात कोणाच्या पेटीत पडली, इकडेच ती वळते. अफूच्या बाबतीत या तीन प्रश्नांची उत्तरे शोधत गेले की पणजीच्या त्या राजवाड्यात बसणाऱ्या पोर्तुगीज राज्यपालाची मोठी विलक्षण अडचण समोर येते.

१८४४ पर्यंत मकाव, म्हणजे चीनच्या किनाऱ्यावरची पोर्तुगीज वसाहत, हे गोव्याच्या राज्यपालाच्या अखत्यारीत होते, आणि दमण व दीव तर होतेच. म्हणजे माळव्याची अफू ज्या बंदरातून निघत असे ते दमण आणि ती ज्या बंदराच्या आसपास उतरत असे ते मकाव, ही दोन्ही टोके एकाच दप्तराखाली होती. यांतल्या एका टोकाला चिनी अधिकारी म्हणत होते की अफू आत येऊ देऊ नका, आणि दुसऱ्या टोकाला कलकत्त्याची ईस्ट इंडिया कंपनी म्हणत होती की अफू बाहेर जाऊ देऊ नका. मागणी वरवर एकच वाटते. चीनच्या बादशहाला अफू नको होती, हे खरे. १७२९ मध्ये योंगझेंग बादशहाच्या काळात पहिली बंदी आली आणि शतकाच्या अखेरीस ती अधिक कडक झाली. कंपनीला मात्र अफू हवीच होती, फक्त ती स्वतःची हवी होती. १७७३ पासून बंगाल-बिहारच्या अफूवर कंपनीची मक्तेदारी होती; पाटणा आणि बनारसच्या एजन्सींतून माल तयार व्हायचा, कलकत्त्याला लिलाव व्हायचा आणि लिलावातला माल घेणारे खासगी व्यापारी तो चीनला न्यायचे. बंदी मोडण्याचे पाप व्यापाऱ्यांच्या माथी आणि महसूल कंपनीच्या खजिन्यात, अशी ती सोय होती. या सोयीला धोका चीनच्या बंदीचा नव्हता, माळव्याच्या अफूचा होता.

माळवा म्हटले की आपल्या मराठी मनात शिंदे-होळकरांच्या छावण्या आणि अहिल्याबाईंचे घाट येतात. अफू सहसा येत नाही. पण उज्जैन, इंदूर, मंदसौर या भागातील काळ्या जमिनीत हिवाळ्यात पांढरी फुले डोलत, आणि तो महसूल मराठी सरदारांच्या दौलतीला चांगलाच लागू पडत असे. बोंड हिरवे असतानाच त्याला संध्याकाळी बारीक पात्यांच्या हत्याराने उभे चिरे देतात, रात्रभर चीक पाझरतो, आणि सकाळी ऊन चढण्याआधी तो खरवडून गोळा करतात. माळव्यात हा चीक अळशीच्या तेलात घालून ठेवण्याची रीत होती. मग तो मळून त्याच्या वड्या किंवा गोळे करायचे आणि ते खसखशीच्याच झाडाच्या वाळलेल्या पाचोळ्यात दडपून पेटीत भरायचे. पेटी साधारण साठ-त्रेसष्ट किलोंची. बंगालचा गोळा पाकळ्यांत गुंडाळलेला, एकसारखा, सरकारी शिक्क्याचा. माळव्याचा माल सावकारांच्या कोठारांतला, हर दुकानाचा निराळा. पण तो स्वस्त होता, आणि त्याच्यावर कंपनीचा हात नव्हता.

गव्हर्नर जनरल वेलस्लीच्या कारकिर्दीत, १८०३ नंतरच्या दोन-तीन वर्षांत, कंपनीने मुंबई बंदरातून या अफूच्या निर्यातीला मनाई केली. मुंबईचे दार लागताच मालाने पोर्तुगीज बंदरांची वाट धरली, आणि तिथून पुढे कंपनीच्या राजकीय पत्रव्यवहारात गोवा, दमण आणि दीव ही नावे अफूच्या संदर्भात येऊ लागली. या पत्रांची भाषा मैत्रीची आहे. पोर्तुगाल हा इंग्लंडचा जुना दोस्त, नेपोलियन हा दोघांचाही शत्रू, तेव्हा दोस्ताच्या बंदरांनी दोस्ताच्या महसुलाला भोक पाडू नये, असा एकूण सूर. या सुरामागे फौज होती, हेही सांगायला हवे. १७९९ मध्ये फ्रेंचांच्या हल्ल्याचे निमित्त करून इंग्रज पलटणी गोव्यात उतरल्या आणि मधला अगदी थोडा काळ सोडला तर १८१३ पर्यंत काबो, आग्वाद आणि मुरगावला ठाण मांडून बसल्या. दोना पावलाला राजभवनाकडे जाताना त्यांची लहानशी दफनभूमी लागते. मी तिथे एकदा पावसाळ्याच्या तोंडावर गेलो होतो. दगडांवर शेवाळ चढलेले, बऱ्याच अक्षरांच्या जागी नुसते खळगे. ज्या राज्यपालाच्या अंगणात असा पाहुणा शस्त्रे घेऊन राहतो आहे, त्याच्या मनाईला किंवा परवानगीला किती अर्थ असेल, हे कळायला मुत्सद्दी असण्याची गरज नाही.

तरीही पोर्तुगीजांकडे एक शस्त्र होते, आणि ते म्हणजे दिरंगाई. १८०७ च्या अखेरीस फ्रेंच फौजा लिस्बनवर चालून आल्या तेव्हा पोर्तुगालचा दरबार जहाजांत बसून ब्राझीलला निघाला आणि १८२१ पर्यंत रिओ दि जानेरोला राहिला. गोव्याच्या राज्यपालाला, त्या वेळी काउंट सार्झेदास, महत्त्वाच्या बाबतीत हुकूम हवा असेल तर पत्र रिओला जाणार, आणि उत्तर यायला वाऱ्यावर अवलंबून कितीही महिने लागणार. ‘वरिष्ठांकडे कळवले आहे’ या वाक्याचे सामर्थ्य ज्याने सरकारी कचेरीत एकदा तरी हेलपाटे घातले आहेत त्याला ठाऊक असते. कलकत्त्याच्या एवढ्या बलाढ्य सरकारलाही त्या वाक्यापुढे थांबावे लागे, याची मला थोडी गंमत वाटते.

पणजीत इंग्रजांचे डोळे होते. दमणमध्ये तसे नव्हते. दमणगंगेच्या मुखावरचे ते गाव, एका तीरावर मोटी दमण, दुसऱ्या तीरावर नानी दमण, सागवानी जहाजे बांधण्यासाठी आधीपासून नावाजलेले होते. १८२० आणि १८३० च्या दशकांत ते अफूचे बंदर झाले. १८१८ मध्ये पेशवाई गेली, होळकरांशी मंदसौरचा तह झाला आणि माळव्यातून समुद्राकडे येणाऱ्या सरळ वाटांवर कंपनीची नजर बसली. तेव्हा कंपनीला वाटले, आता बंदरांची मनधरणी करण्याचे कारण नाही. संस्थानिकांशीच करार करून लागवडीला आणि वाहतुकीला मर्यादा घालू. होळकरांसह अनेकांनी करार केले. शिंद्यांनी केला नाही. ज्यांनी केले त्यांच्या मुलुखातले शेतकरी आणि सावकार नाराज झाले, आणि माल नव्या वाटेने जाऊ लागला. ही वाट नकाशावर बोटाने रेखून पाहावी अशी आहे. माळव्यातून उत्तर-पश्चिमेला मारवाडात पाली, तिथून उंटांवर जैसलमेर, वाळवंट ओलांडून सिंधमध्ये कराची, आणि कराचीहून गलबतात घालून पुन्हा दक्षिणेला दमण. उज्जैनहून दमण किती जवळ, आणि माल फिरून आला किती! एवढा वळसा घालूनही व्यापाऱ्याला परवडत होते, यावरून पेटीमागे नफा किती असेल याचा अंदाज बांधावा.

या व्यापारात आमचा एक गोवेकर अग्रभागी होता. रोजेरिओ द फारिया मुंबईत राहत असे, इंग्रजांच्या राज्यात धंदा करीत असे आणि गरज पडेल तिथे पोर्तुगीज प्रजाजन असल्याचा उपयोग करीत असे. जमशेटजी जीजीभाई आणि मोतीचंद अमीचंद यांच्याबरोबर त्याने दमणमार्गे माळव्याची अफू चीनला पाठवण्याचा मोठा उद्योग केला. पोर्तुगीज निशाण लावलेले जहाज, पारशी आणि गुजराती भांडवल, गोवेकर नाव. कोणत्या सरकारने कोणाकडे तक्रार करायची? १८३५ च्या जानेवारीत बेर्नार्दो पेरिस द सिल्व्हा हा पहिला गोवेकर माणूस गोव्याचा प्रीफेक्ट, म्हणजे मुख्य कारभारी, झाला आणि अवघ्या सतरा दिवसांत लष्कराने त्याला हुसकावले. तेव्हा मुंबईत त्याच्या पाठीशी पैसा घेऊन उभा राहिला तो हाच फारिया. पेरिस द सिल्व्हाने पुढे दमणमध्ये आश्रय घेतला. शाळेत आम्हाला या प्रीफेक्टची गोष्ट स्वाभिमानाची म्हणून सांगितली जाई. ती तशी आहेच. तिच्या खर्चवहीत अफूचा पैसा आहे, हे मला फार उशिरा, वयाच्या साठीनंतर कळले, आणि त्या दिवशी मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो.

कंपनीने अखेर जे केले ते कारकुनाच्या दृष्टीने अत्यंत शहाणपणाचे होते. १८३०-३१ च्या सुमारास तिने बंदीचा नाद सोडला आणि परवान्याची पद्धत आणली. माळव्याची अफू मुंबईला खुशाल आणा, दर पेटीमागे १७५ रुपये भरा आणि पास घ्या. यात कळीचा प्रश्न होता तो आकड्याचा. परवान्याची रक्कम कराची-दमणच्या वळशाच्या खर्चापेक्षा कमी असेल तर माल मुंबईला येणार, जास्त असेल तर उंटांवर बसणार. १७५ रुपये पुष्कळांना जड वाटले आणि दमण चालूच राहिले, म्हणून १८३५ मध्ये दर १२५ वर आणावा लागला. पोर्तुगीज राज्यपालाला लिहिलेल्या सगळ्या पत्रांनी जे साधले नाही ते या पन्नास रुपयांनी पुष्कळसे साधले. माझ्या नोकरीच्या काळात एका धक्क्यावर गेट पासाचे शुल्क एका रात्रीत वाढवले होते. दुसऱ्या आठवड्यापासून ट्रक दुसऱ्याच दाराने जाऊ लागले आणि वाढवलेले शुल्क भरायला कोणी उरले नाही. साहेब लोक तीन महिने बैठका घेत होते. त्यांना सांगायचे धाडस आम्हा कारकुनांपैकी कोणी केले नाही, मीही नाही.

मकावच्या टोकाला याच काळात काय चालले होते? मकावची गोष्ट गोव्यापेक्षाही नाजूक होती, कारण तिथल्या पोर्तुगीजांचे जेवण चिनी मुख्य भूमीवरून येई. अधिकाऱ्यांनी मनात आणले तर सीमेवरचा दरवाजा बंद करून ते शहर उपाशी ठेवू शकत. त्यामुळे मकावमध्ये अफूविषयी बोलताना पोर्तुगीजांचा आवाज खाली असे. १८२१ मध्ये चिनी कारवाई कडक झाली तेव्हा बराचसा व्यापार शहरातून उठून कॅन्टनच्या नदीमुखातल्या लिंतिन बेटाजवळ नांगरलेल्या जहाजांवर गेला, म्हणजे नियम शहरात पाळला गेला आणि माल समुद्रात विकला गेला. १८३९ मध्ये लिन झेशू हा बादशहाचा खास अधिकारी कॅन्टनला, म्हणजे आजच्या ग्वांगझूला, आला. त्याने परदेशी व्यापाऱ्यांकडून २०,२८३ पेट्या ताब्यात घेऊन हुमेन येथे नष्ट केल्या. चुना आणि मीठ घातलेल्या पाण्याच्या खड्ड्यांत त्या विरघळवून समुद्रात सोडल्या. त्यांत मुंबईच्या व्यापाऱ्यांचा आणि म्हणून माळव्याच्या शेतांचाही माल होता. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात लिन स्वतः मकावला गेला, राज्यपाल आद्रिआंव द सिल्व्हैरा पिंतो याने त्याचे स्वागत केले, आणि शहरात अफू ठेवणार नाही याची ग्वाही त्याला मिळाली. इंग्रजांनी याच मुद्द्यावर युद्ध केले. पोर्तुगीज त्यात तटस्थ राहिले.

मला लिनचा तगादा आणि कलकत्त्याचा तगादा शेजारी ठेवून पाहावेसे वाटतात. लिनने मागितले ते स्वतःच्या प्रजेसाठी, आणि स्वतःच्या किनाऱ्यावर. कलकत्त्याने मागितले ते दुसऱ्याच्या बंदरात, तिसऱ्याच्या शेतातल्या मालाबद्दल, आणि चौथ्याच्या देशात तो विकण्याचा हक्क एकट्याला मिळावा म्हणून. ‘नियमन’ हा शब्द दोन्ही ठिकाणी सारखाच वापरता येतो, ही राजनैतिक भाषेची मोठीच सोय आहे. पोर्तुगीजांना निर्दोष ठरवण्याचा माझा हेतू नाही. त्यांना अफूचे सोयरसुतक नव्हते. दमणच्या जकातीचे होते. पण त्या जकातीला इंग्रज पत्रांत चोरटा व्यापार म्हटले आहे आणि मुंबईच्या १२५ रुपयांना महसूल, आणि आपल्याकडच्या बऱ्याच पुस्तकांतही हे शब्द कोणी न तपासता तसेच उतरले आहेत.

दमणचा शेवट कोणत्याही करारपत्राने झाला नाही. १८४३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये इंग्रज सेनापती चार्ल्स नेपियरने मियानी आणि दाबो येथे सिंधच्या अमिरांचा पराभव केला आणि कराची इंग्रजांची झाली. उंटांची वाट तुटली. आता वळसाच उरला नाही म्हटल्यावर मुंबईच्या पासाची किंमत वाढवायला कोणाची हरकत? १२५ चे २०० झाले, मग ३००, आणि १८४७ मध्ये ४००. पुढे १८६० नंतर तर ती ६०० च्या घरात गेली. दमणच्या व्यापाराचा कणाच मोडला. योगायोग असा की त्याच १८४३ च्या मार्चमध्ये पोर्तुगालच्या राणीच्या हुकमाने पणजीला ‘नोव्हा गोवा’ या नावाने राजधानीचा दर्जा मिळाला. इकडे राजधानीची तोरणे, तिकडे दमणच्या धक्क्यावर सामसूम.

इंग्रजांनी पोर्तुगीज बंदरांच्या कारभारात हात घालायचे थांबवले असे मात्र नाही. १८७८ च्या अँग्लो-पोर्तुगीज तहाने तीच रीत मिठाला लावली. गोव्यातील मिठावर इंग्रजांचे नियंत्रण आले, त्याच्या बदल्यात पोर्तुगीज सरकारला वर्षाला चार लाख रुपये, आणि शिवाय मुरगावचे बंदर व रेल्वे. पेडण्यापासून खालच्या मिठागरांवर राबणाऱ्यांना या चार लाखांतले काय मिळाले, हा निराळ्या लेखाचा विषय आहे. तह १८९२ मध्ये संपला, अनेक आगर त्याआधीच ओस पडले होते. इथे एवढेच लक्षात घेण्याजोगे की अफूसाठी नुसता तगादा लावून जमले नव्हते, ते मिठासाठी वार्षिक रक्कम ठरवून जमले. अफूच्या बाबतीत पुढे मकाव उरले. १९०७ मध्ये ब्रिटन आणि चीन यांच्यात हिंदुस्थानची निर्यात दरसाल दहा टक्क्यांनी घटवण्याचे ठरले, १९०९ मध्ये शांघायला तेरा देशांची परिषद भरली, १९१२ मध्ये हेगचा करार झाला, आणि १९१३ च्या जूनमध्ये लंडनला ब्रिटन आणि पोर्तुगाल यांनी हाँगकाँग व मकावच्या अफू-मक्त्यांवर मर्यादा घालणारा स्वतंत्र करार केला. शंभर वर्षांपूर्वी ज्यांनी दमणच्या स्पर्धेची तक्रार केली होती तेच आता दोन्ही मक्ते एकाच मापाने मोजू पाहत होते.

१९६१ च्या मार्चमध्ये अमली पदार्थांविषयीचा आजही लागू असलेला आंतरराष्ट्रीय करार झाला आणि डिसेंबरात गोवा, दमण, दीव भारतात आले. माळव्यात अफू अजून पिकते. केंद्र सरकारच्या परवान्याने, मोजक्या गावांत, औषधांसाठी, आणि नीमच व गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत तिच्यावर प्रक्रिया होते. त्याच बोंडातले बी म्हणजे आपली खसखस, जिच्यावाचून आमच्या घरची शागुती, म्हणजे भाजलेल्या खोबऱ्या-मसाल्याचे गोव्याचे कालवण, होत नाही.

गेल्या वर्षी माझा भाचा दुबईला नोकरीसाठी निघाला. धाकट्या बहिणीने आदल्या दिवशी खोबरे, खसखस, धणे, मिरच्या भाजून मसाला केला, दोन पिशव्यांत भरला, वर कागदावर नाव लिहिले. संध्याकाळी भाचा बॅग भरायला बसला आणि पिशवी उघडून वास घेऊन म्हणाला, “आई, हातूंत खसखस आसा मगो? थंय ती चलना.” बहीण माझ्याकडे वळून म्हणाली, “दादा, तू तरी सांग त्याला, खसखशीने कोणाला नशा चढते का?” मी तीस वर्षे मालाचे कागद लिहिलेला माणूस, मी तिला सांगितले की संयुक्त अरब अमिरातीत खसखशीलाही बंदी आहे, तिथल्या विमानतळावर तिची समजूत चालणार नाही. ती काही बोलली नाही. रात्री दहा वाजता तिने पुन्हा खोबरे किसायला घेतले, खसखशीऐवजी काजूचे तुकडे घातले आणि मिक्सरचे भांडे दोनदा धुतले. पहिल्या मसाल्याच्या दोन्ही पिशव्या, आणि म्हापशाच्या बाजारातून मंदसौरची म्हणून आणलेली उरलेली खसखस, आमच्याकडेच राहिली. गणेश चतुर्थीपर्यंत पुरली.